सहा चपळ, एक दांडगा

"कबड्डी आता दांडग्यांचा खेळ झालाय राव. बारक्या पोरांनी खो-खो खेळावं, नाहीतर कॅरम."

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत भोसरीपासून चाकणपर्यंत मी किती वेळा ऐकलं असेल ह्याचा हिशोब नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या स्पर्धांमध्ये ऐकलं, टपरीवर ऐकलं, कॅन्टीनमध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी चालू असताना ऐकलं. बोलणारा दरवेळी वेगळा, सूर मात्र तोच. जगाला माहीत असलेली गोष्ट सांगितल्याचा. आणि गंमत म्हणजे हे बोलणारे बरेचसे लोक पुणेरी पलटणचे फॅन असतात! ज्या टीमनं हे वाक्य खोटं पाडून दाखवलं, त्याच टीमचा टी-शर्ट अंगात घालून हे बोलायचं. आजची पोस्ट ह्या वाक्याच्या विरोधात आहे. लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

तसा हा वाद फक्त आपला नाही. तिकडे अमेरिकेत बास्केटबॉलवाले वीस वर्षं ह्याच प्रश्नावर भांडतायत. उंच, जाडजूड गडी बाहेर बसवायचे, त्यांच्याऐवजी छोटे, पळणारे, लांबून बॉल टाकणारे गडी घ्यायचे आणि समोरच्याला धाप लागेपर्यंत पळवायचं. ह्याला ते 'स्मॉल बॉल' म्हणतात. आपल्या वादाआधी त्यांच्या वादाचा निकाल बघू, कारण त्यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते.

२००४-०५ च्या हंगामात फिनिक्स सन्स नावाची टीम माइक डँटोनी ह्या कोचच्या हाताखाली अशीच सुसाट खेळली. ६२ सामने जिंकले. पुढे आपल्या विभागाच्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोनं त्यांना ४-१ असं घरी पाठवलं. लगेच जाणकार म्हणाले, "बघा, आम्ही सांगितलं होतं. हे असलं खेळून ट्रॉफी मिळत नसते." दहा वर्षं हे वाक्य टिकलं. मग २०१५ आलं. अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडविरुद्ध २-१ असे मागे होते. चौथ्या सामन्यात त्यांनी ७ फूट उंचीच्या अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं, आंद्रे इगुओडालाला आत घेतलं आणि ६ फूट ६ इंचांच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटरच्या जागी उभं केलं. त्यानंतरचे तिन्ही सामने जिंकून मालिका ४-२ अशी खिशात घातली. जाणकारांचं वाक्य संपलं.

म्हणजे छोटी टीम जिंकते? थांबा, पुढचं ऐका. २०२० मध्ये ह्युस्टन रॉकेट्सनं (तेव्हा कोच तेच, डँटोनी) ही कल्पना टोकाला नेली. आपला उंच सेंटर क्लिंट कपेला हंगामाच्या मध्यात दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला त्या जागी लावलं. दांडगा गडी शून्य. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत लेकर्सनी त्यांना ४-१ असं गुंडाळलं. २०२५ च्या अंतिम मालिकेचंही तसंच. ओक्लाहोमानं पहिल्या सामन्यात हार्टनस्टाइन ह्या उंच गड्याला सुरुवातीच्या पाचांतून वगळलं, आणि इंडियानाविरुद्ध तो सामना १११-११० असा एका गुणानं गेला. चौथ्या सामन्यात त्याला परत घेतलं. मालिका ४-३ अशी ओक्लाहोमाचीच झाली.

आता हे सगळं एकत्र मांडा. छोटी आणि वेगवान टीम जिंकते, पण दोन अटींवर. पहिली अट, खेळाच्या नियमातच वेगाला काहीतरी बक्षीस असलं पाहिजे. बास्केटबॉलमध्ये ते बक्षीस म्हणजे लांबून टाकलेल्या बॉलचे तीन गुण, जे एनबीएमध्ये १९७९ पासून आहेत. लांबून शंभरातले ३५ पडले तर १०५ गुण, जवळून शंभरातले ५० पडले तर १००. साधं गणित आहे, पण ते पचायला पस्तीस वर्षं लागली. दुसरी अट, एक तरी गडी असा हवा जो समोरच्या दांडग्यापुढे उभा राहू शकतो. ग्रीन बुटका होता (त्यांच्या हिशोबानं हं!) पण रेटून उभा राहायचा. ती जागा कोणीच नीट सांभाळली नाही की रॉकेट्स होतं.

ह्या दोन अटी लक्षात ठेवा. आता घरी या.

बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. तिथे उंची कामाची आहे हे कोणीही मान्य करेल. आणि तिथे उंचीला मर्यादा नाही, कोणी साडेसात फुटी माणूस आणला तरी पंच त्याला परत पाठवत नाही. अशा खेळातसुद्धा छोट्यांनी ट्रॉफी नेली. कबड्डीत रिंग आहे का? नाही. उंच जागी काही ठेवलंय का? नाही. उलट आपल्याकडच्या वरिष्ठ पुरुष गटाच्या स्पर्धांत वजनाला वरून टोपण लावलंय, ८५ किलो. त्याच्या वर एक किलो गेलात की खेळायलाच मिळत नाही. म्हणजे नियम बनवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलंय की बाबांनो, हा नुसत्या वजनाचा खेळ नाही. आणि आपण मात्र पोरांना सांगतोय, वजन वाढव.

आता जरा हिशोब करू. (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार.)

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे एका बाजूला साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस रेषा ४.७५ मीटरवर. चढाईला ३० सेकंद. चढाई करणाऱ्याचं काम काय, तर आत जायचं, कोणाला तरी हात किंवा पाय लावायचा आणि पावणेचार ते पावणेपाच मीटर मागे येऊन मध्यरेषेला टेकायचं. त्याला समोरच्याला उचलायचं नाहीये, पाडायचं नाहीये, ढकलायचंही नाहीये. फक्त शिवायचंय! शिवण्याला वजन लागत नाही. बोनसला तर शिवावंही लागत नाही, समोर सहा किंवा सात गडी असताना एक पाय रेषेपलीकडे टेकला आणि दुसरा हवेत असला की गुण. हेच आपल्या खेळातलं वेगाचं बक्षीस. पहिली अट पूर्ण.

"पण पकड झाली की मग वजन लागतंच ना?" हा प्रश्न येणार म्हणून आकडे घेऊन बसलोय. समजा चढाईपटू ७० किलोचा आहे आणि त्याला तिघांनी धरलं. तिघं मिळून धरा २४० किलो. म्हणजे त्याच्या अंगावर त्याच्या साडेतीनपट वजन. आता त्यालाच खाऊ-पिऊ घालून, जिमला पाठवून ८५ चा केला. अंगावर आता किती? पावणेतीनपट. काय फरक पडला? तेव्हाही सुटत नव्हता, आताही सुटणार नाही. तीन जणांची साखळी नीट बसली की सत्तरचा असो नाहीतर पंच्याऐंशीचा, दोघंही आडवे. वाचायचा एकच मार्ग, साखळी बसायच्या आत निघायचं. आणि निघायला लागते पहिल्या पावलाची गती. ती त्या वाढीव पंधरा किलोंनी खाल्लेली असते.

शाळेत शिकलो होतो तेच आहे हे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या छेदाबरोबर, म्हणजे वर्गानं वाढते. वजन घनानं वाढतं. माणूस सगळीकडून सारखाच मोठा केला तर ताकद वाढते, पण वजन त्याहून जास्त वाढतं. म्हणून मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओढते आणि हत्ती उडी मारत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात रोज संध्याकाळी हाच धडा फुकट मिळतो. इंजिन कंटेनरचं मोठं असतं, पण फटीतून बाइकच निघते. बाइक आणि कंटेनर धडकले तर कोण जिंकेल हे विचारूच नका. पण चढाई म्हणजे धडकणं नव्हे, फटीतून निघणं आहे.

हे झालं कागदावरचं. आता मैदानावरचं.

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम, २०२३-२४. पुणेरी पलटणनं साखळी फेरीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ हरले. ९६ गुण, यादीत पहिला नंबर. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा ट्रॉफी घेतली. कोच बी. सी. रमेश, कर्णधार अस्लम इनामदार. आता ह्यातली खरी गोष्ट बघा. त्या हंगामात चढाईच्या गुणांच्या यादीत वरच्या पाचांमध्ये पलटणचा एकही गडी नव्हता. एकही नाही! ज्या टीमनं सगळ्यात जास्त सामने जिंकले तिच्याकडे यादीच्या टोकाला बसलेला चढाईपटू नव्हता. होतं काय? अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते. तिघंही आळीपाळीनं आत जाणारे, शिवून परत येणारे, आणि बचावाच्या वेळी साखळीत उभे राहणारे. एकाला कोणी 'बाहुबली' म्हटलं नाही. समोरच्या बचावाला हे कळायचंच नाही की नक्की कोणाला धरायची तयारी करायची. अंतिम सामन्यात पंकजनं एका चढाईत चार गुण काढले आणि सामन्याचा तोल तिथेच कलला. तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात एका चढाईचे चार गुण. तुम्हीच वजाबाकी करा.

आणि अस्लम कुठला? नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर). नवीन तरुण खेळाडूंच्या योजनेतून २०२१-२२ च्या आठव्या हंगामात आलेला, मोहितही तसाच. लिलावात कोट्यवधी मोजून आणलेले नाहीत हे, टीमनं घरी वाढवलेत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय टीममध्ये अस्लम होता.

आता समोरून येणारे बाण. मी पळून जाणार नाही, एकेक घेऊ.

पहिला आणि सगळ्यात जड बाण: "शादलू विसरलास काय?" नाही विसरलो. मोहम्मदरझा शादलूई, इराणचा. २ कोटी ३५ लाख रुपये मोजून पलटणनं त्याला त्याच दहाव्या हंगामासाठी घेतलं होतं आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. पुढच्या वर्षी तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. मग काय झालं? २९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच बालेवाडीत हरियाणानं पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून ट्रॉफी नेली. आणि पलटण? प्लेऑफमध्येसुद्धा नाही. म्हणजे दांडगा गेला आणि ट्रॉफी त्याच्यामागे चालत गेली, असं म्हणायला जागा आहे. मान्य. पण अर्धं मान्य. त्या अकराव्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला होता आणि तो बहुतेक हंगाम बाहेर होता. एका प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कोणाचा हे सांगता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं पोरगंही सांगेल. सुदैवानं २०२५ मध्ये हाच प्रयोग अर्धा उलटा करून बघायला मिळाला. अस्लम परत आला, शादलू नाही (तो गुजरातकडे गेला होता, आणि गुजरातला काही ट्रॉफी मिळाली नाही). नवा कोच अजय ठाकूर. पलटण साखळीत पहिल्या नंबरावर, आणि पुढे अंतिम सामन्यात. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुणांनी. आदित्य शिंदेनं दहा गुण काढूनसुद्धा. आणि दिल्लीच्या कोपऱ्यात कोण होता? फझल अत्राचली. अजून एक इराणी.

माझं म्हणणं ह्या तीन हंगामांतूनच निघतं. चपळ गड्यांनी टीम वर जाते, पहिल्या नंबरापर्यंत जाते. कोपऱ्यात एक भक्कम माणूस असला की शेवटचे तीन गुण आपल्या बाजूला पडतात, नसला की समोरच्याच्या बाजूला. २८-२५ आणि २८-३१, फरक बघा. बास्केटबॉलवाल्यांची दुसरी अट ती हीच. म्हणून शीर्षक: सहा चपळ, एक दांडगा. मी 'सात बारके' म्हणत नाहीये. पण तुम्ही 'सात दांडगे' म्हणताय, आणि ते जास्त चुकीचं आहे.

बरं, कोपऱ्यातच दांडगा का? कारण बचावात एकच जागा अशी आहे जिथे एकट्यानं पहिला धक्का सोसायचा असतो. घोटा धरला की साखळी येईपर्यंतचा अर्धा-एक सेकंद चढाईपटू त्याला ओढत नेतो. तिथे वजन कामाला येतं. मध्यरक्षकांचं काम वेगळं, त्यांना योग्य वेळी धावून येऊन रस्ता बंद करायचा असतो. दहाव्या हंगामात पलटणचे अबिनेश नडराजन आणि संकेत सावंत हेच करत होते. त्यात उशीर झाला तर शंभर किलोचा गडीसुद्धा रिकाम्या हवेला मिठी मारतो. आणि शादलूचंच नीट बघा ना! तो काय नुसता उभा राहतो? पुढे येऊन धरतो, स्वतः चढाईला जातो. तो दांडगा आहे म्हणून चांगला नाही, तो चपळ असून दांडगा आहे म्हणून चांगला आहे. असे लोक थोडे जन्माला येतात, म्हणून तर दोन-दोन कोटी पडतात. आपल्या गल्लीतल्या पोराला शिरा-पुरी खाऊ घालून शादलू होत नसतो.

दुसरा बाण: "२०१८ ला इराणनं दाखवून दिलं की." जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य सामन्यात इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. त्या दिवसापासून आपल्याकडे 'इराणी शरीर' हा एक आजारच झालाय. जो तो म्हणतो, आपली पोरं अंगानं कमी पडली. सामना परत बघा. आपले चढाईपटू इराणच्या वजनाला हरले नाहीत, इराणच्या थांबण्याला हरले. कोपरारक्षक घाई करत नव्हते, चढाईपटूचा पाय पुढे येईपर्यंत वाट बघत होते. ते कौशल्य आहे, किलो नव्हे. आणि वजनच निर्णायक असतं तर २०२३ ला हांगझोऊमध्ये त्याच इराणला आपण ३३-२९ असं हरवलं ते कसं? पाच वर्षांत आपण काही पैलवान झालो नव्हतो.

त्याच हांगझोऊमधलं दुसरं उदाहरण कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. महिलांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. कबड्डी तिथल्या मातीतली नाही. शाळेच्या मैदानावर हुतूतू खेळून त्या मुली मोठ्या झालेल्या नाहीत. तरी गटातल्या सामन्यात त्यांनी भारताला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं आणि अंतिम सामना भारतानं जिंकला तो २६-२५ असा, एका गुणानं. त्यांनी काय केलं? आपल्या पायांचा वेग आणि शिस्त घेऊन आल्या. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात समोर परत त्याच. भारतानं ३५-२८ असं जिंकलं, पण अंतिम सामन्यात त्या परत पोचल्याच ना? ज्यांच्याकडे परंपरा नाही त्यांनी वेगावर पैज लावली आणि काही वर्षांत जगात दुसऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे परंपरा आहे ते आपण, छाती मोजत बसलोय.

तिसरा बाण कोल्हापूरकडून येणार हे माहीत होतं. "सिद्धार्थ देसाई?" अहो, सिद्धार्थ देसाईचा मी पण फॅन. २०१८ मध्ये यू मुंबाकडून दोघा-तिघांना अंगावर घेऊन तो मध्यरेषेपर्यंत यायचा तेव्हा खुर्चीवरून उठून ओरडलोय. चंदगड तालुक्यातला पोरगा, पुढच्याच लिलावात १ कोटी ४५ लाख. पण अपवाद बघून निवडीचा नियम करायचा नसतो. एका देसाईकडे बघून आपण दोनशे पोरांना 'तू देसाई हो' सांगितलं तर त्यातले एकशे नव्व्याण्णव ना देसाई होतात ना अस्लम. नुसते जड होतात. आणि ज्याला आपण सगळ्यात मोठा चढाईपटू म्हणतो, तो परदीप नरवाल, २०१७ च्या एकाच हंगामात ३६९ गुण काढणारा, त्याचं हत्यार कोणतं होतं? डुबकी. साखळीच्या खालून वाकून निघून जायचं. म्हणजे जगातला सगळ्यात यशस्वी चढाईपटू ऐन मोक्याला स्वतःला लहान करायचा! ह्याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

आता कोणी म्हणेल, अरे एवढं का तापतोस? खेळ आहे, सोड की. तर सोडत नाही, कारण आपल्या पट्ट्यात हा नुसता खेळ नाही.

तुमच्या-माझ्यासारख्याला (लॅपटॉप, हिंजवडी, वाकडला फ्लॅट, हप्ते) कबड्डी म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. पण भोसरी, मोशी, चिखली, चाकण, खेडकडच्या कितीतरी घरांत कबड्डी म्हणजे नोकरीचा रस्ता आहे. वडील कंपनीत कंत्राटी, पोरगं सकाळी मैदानावर. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस आहे, रेल्वे आहे, बँका आहेत. त्या रस्त्याची पहिली पायरी म्हणजे तालुक्याची, जिल्ह्याची निवड चाचणी. आणि त्या चाचणीत काय होतं ते मी बघितलंय. पोरांना रांगेत उभं करतात. निवडणारा माणूस रांगेवरून चालत जातो, खांद्यावर हात मारतो आणि "तू इकडे, तू तिकडे" म्हणतो. बारका पोरगा मैदानात पाय ठेवायच्या आधीच बाद. त्यानं एक चढाई केली नाही, एक पकड लावली नाही. ह्याला निवड म्हणत नाहीत, ह्याला बाजारात कोंबडी घेणं म्हणतात.

कंपन्यांच्या टीममध्ये तर विचारूच नका. शॉपफ्लोअरवरचा एखादा पोरगा गावाकडे दहा वर्षं खेळलेला असतो, पण टीममध्ये घेतात दारावरचा सहा फुटी गडी, कारण फोटोत चांगला दिसतो.

आणि जो बाद होतो तो काय करतो? त्याला कोणीतरी सांगतं, "अंग कमव, पुढच्या वर्षी ये." मग जिम, मग पावडरचे डबे. घरात महिन्याला जेवढं दूध येत नाही त्याहून महाग डबा. कोणाचं ऐकून अजून काय काय. आठ-दहा किलो वाढतात, पण गुडघे तेच असतात जे साठ किलोसाठी तयार झालेले. पुढच्या वर्षी रांगेत निवड होते, आणि मैदानावर तो पहिल्यासारखा वळू शकत नाही. म्हणजे त्याच्याकडे जी एक गोष्ट होती, ती आपणच काढून घेतली आणि त्याबदल्यात त्याला जी दिली ती शेजारच्या पोराकडे जन्मतःच त्याच्याहून जास्त आहे. पोराचं एक वर्ष गेलं, बापाचे पैसे गेले, आणि टीमला काय मिळालं? अजून एक साधारण दांडगा.

नुसतं रडत बसायचं नाही, तर करायचं काय तेही सांगतो. मोजा! आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये कोणी म्हणालं "हा प्रोग्रॅम फास्ट आहे", तर पहिला प्रश्न असतो, मोजलास का? इथे का मोजत नाही? निदान रेषेपासून वळून मध्यरेषेपर्यंत यायला किती वेळ लागतो, घड्याळ लावा. पावणेचार मीटर, वीस वेळा, आणि शेवटची पाच मोजा, कारण दमल्यावरचा वेग खरा. पाच-पाच चढाया द्या, किती वेळा शिवून परत आला ते लिहा. बचावात किती वेळा साखळीत वेळेवर पोचला ते लिहा. हे सगळं करायला एक शिट्टी, एक मोबाइल आणि एक वही पुरते. सहा जागा ह्या वहीवरून भरा. सातवी जागा, कोपऱ्याची, ती भरताना खुशाल वजनकाटा आणा. तिथे माझी तक्रार नाही.

आणि प्रशिक्षकांनो, एवढं करा. बारक्या पोराला "वजन वाढव" सांगण्याआधी त्याला एकदा बोनस घ्यायला पाठवा. समोर सात उभे असताना तो दोन-तीनदा बोनस घेऊन आला तर त्याला काहीही वाढवायला सांगू नका. त्याला फक्त अजून खेळवा.

आता शेवटचा मुद्दा, त्या पहिल्या वाक्यातल्या खो-खोचा. बारक्या पोरांनी खो-खो खेळावं म्हणे, जणू खो-खो म्हणजे उरलेल्यांचा खेळ! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. वेगाची आणि वळण्याची विद्या आपल्या मातीत ह्या खेळानं शंभर वर्षं जपली. तीच विद्या कबड्डीच्या मॅटवर आणली तर काय होतं ते पलटणनं करून दाखवलंय. मातीवर पाय रुततो, मॅटवर बूट घालून पोरगं जागेवर वळतं. खेळ वेगाच्या बाजूला सरकलाय, निवडणाऱ्यांची नजर मात्र तालमीतल्या आरशावरच आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कंपनीच्या टीमची यादी तुमच्या हातात आली, किंवा सोसायटीतल्या कोणाचा पोरगा "काका, मी खेळू शकेन का" विचारायला आला, तर त्याची उंची विचारू नका, वजन विचारू नका. त्याला मैदानावर न्या आणि म्हणा, शिवून ये. आला परत तर तो गडी. नाही आला तर परत पाठवा. सातातल्या सहा जागा त्याच्यासाठीच आहेत.